ताटातील क्षार आणि थकलेली मूत्रपिंडे

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात एका माजी विद्यार्थिनीने दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



आम्ही सातवीत असताना शास्त्राच्या बाईंनी ग्वारीघाटाहून बाटलीभर नर्मदेचे पाणी आणवले होते. चिनी मातीच्या बशीत ओतून त्यांनी ते स्पिरिटच्या दिव्यावर आटवले. पाणी संपले आणि तळाशी पांढुरका, खरखरीत थर उरला. ‘हे पाण्यात होतेच, दिसत नव्हते इतकेच,’ असे बाई म्हणाल्या. तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘बाई, मग हे आपल्या पोटात गेल्यावर पुढे कुठे जाते?’ बाई हसल्या आणि म्हणाल्या, ‘ते पुढच्या वर्षीच्या पुस्तकात आहे.’

पुढच्या वर्षीच्या पुस्तकात मूत्रपिंडाचे चित्र होते, चार भागांना नावे द्यायची होती. त्या प्रश्नाचे उत्तर मात्र नव्हते. आहारतज्ज्ञ म्हणून रुग्णालयात नोकरी करताना माझी बहुतेक वर्षे त्याच प्रश्नाच्या मागे गेली. आज शाळेने बोलावले, तेव्हा दुसरा विषय मनात आलाच नाही. शिवाय या विषयात माझी स्वतःची एक चूक आहे. ती मी रुग्णांना अनेकदा सांगितली आहे. आपल्या माणसांत सांगण्याची वेळ आज प्रथमच येते आहे.

प्रथम मूत्रपिंडाविषयी थोडेसे. घरात आपण किडनी म्हणतो, इथल्या दवाखान्यांतून गुर्दा म्हणतात. मुठीएवढ्या या दोन अवयवांत प्रत्येकी सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसाकाठी त्यांतून सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला दीड-दोन लिटरच मूत्र म्हणून बाहेर पडतो. त्या द्रवाबरोबर रोज अंदाजे दीड किलो मीठ गाळले जाते. होय, दीड किलो. त्यातले जवळजवळ सारे शरीर परत घेते आणि आपण आदल्या दिवशी जितके जास्तीचे खाल्ले असेल, तेवढेच बाहेर टाकते. पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम यांचाही हिशेब याच गाळण्यांच्या हाती असतो. हा जमाखर्च इतका चोख चालतो, की खाणाऱ्याला त्याची जाणीवही होत नाही.

मधुमेह, वाढलेला रक्तदाब, मुतखडे, काही जन्मजात विकार यांमुळे या गाळण्या नष्ट होऊ लागल्या, तरी उरलेल्या गाळण्या जास्तीचे काम उचलतात. म्हणूनच निम्मी क्षमता गेली तरी रक्तातील क्रिएटिनिनचा आकडा मर्यादेत दिसू शकतो. उरलेल्यांवर भार वाढतो, त्या भाराने त्याही झिजतात आणि ही उतरण सुरू राहते. गाळण्याचा वेग मिनिटाला ६० मिलिलिटरच्या खाली तीन महिन्यांहून अधिक काळ राहिला, किंवा तेवढाच काळ लघवीतून प्रथिन जात राहिले, तर त्याला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. वेग ३० च्या खाली गेला की चौथी पायरी, १५ च्या खाली पाचवी. डायलिसिसचा प्रश्न बहुधा या शेवटच्या पायरीवर येतो. तिथवर पोहोचायला कोणाला चार वर्षे लागतात, कोणाला चोवीस. कोणी तिथे पोहोचतही नाही. या फरकात औषधांचा वाटा मोठा आहे, पण ताटाचा वाटाही लहान नाही.

आता ती चूक. माझे थोरले बंधू याच शाळेचे विद्यार्थी. मघाशी सांगितलेला मागच्या बाकावरचा प्रश्न त्यांचा नव्हता, ते तेव्हा दहावीत होते. पण आज ते समोर तिसऱ्या रांगेत बसले आहेत आणि त्यांच्या परवानगीनेच हे सांगते. दादांना पन्नाशीच्या आधीच रक्तदाब जडला. मीठ कमी करा म्हटले की ते ताट बाजूला सारीत. मग मीच त्यांच्या स्वयंपाकघरात कमी सोडियमच्या मिठाची बरणी नेऊन ठेवली. ‘वहिनी, आता हेच वापरा, चव जाणार नाही,’ असे मोठ्या ऐटीत सांगितले. अशा मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. दादांची रक्तदाबाची गोळीही पोटॅशियम शरीरात धरून ठेवणाऱ्या जातीची होती. त्यातच मे महिना आला, उन्हाने थकवा वाटतो म्हणून ते रोज शहाळ्याचे पाणी पिऊ लागले. एका सकाळी त्यांना पलंगावरून उठवेना. पायांत बळ नाही, नाडी मंद. रुग्णालयात रक्त तपासले, तर पोटॅशियम ६.९, ते साडेतीन ते पाचच्या दरम्यान असावे लागते. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिले, इन्शुलिन आणि ग्लुकोज दिले, रात्रभर हृदयाचा आलेख पाहत बसले. त्याच रात्री कळले, की क्रिएटिनिन २.६ आहे. मूत्रपिंडे किती वर्षांपासून झिजत होती, कोण जाणे. कोणी तपासलेच नव्हते. आहाराची पदवी असलेल्या त्यांच्या सख्ख्या बहिणीनेही बरणी ठेवण्यापूर्वी तो एक आकडा विचारला नव्हता.

ते मीठ वाईट आहे असे मात्र समजू नका. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेला मोठा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. तीन भाग साधे मीठ आणि एक भाग पोटॅशियम क्लोराइड अशा मिश्रणाने पक्षाघाताचे प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी घटले. परंतु गंभीर मूत्रपिंडविकार असलेल्यांना त्या अभ्यासात घेतलेच नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२५ च्या जानेवारीत अशा मिठाची शिफारस करताना मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना स्पष्टपणे वगळले. म्हणजे एकाच बरणीतले मीठ शेजाऱ्याला तारक आणि दादांना मारक. जिभेला यातले काही कळत नाही, डोळ्यांना दिसत नाही. कळते ते रक्ताच्या अहवालातूनच. मूत्रपिंडाचे पथ्य म्हणजे भिंतीला चिकटवून ठेवण्याची यादी नव्हे. ती यादी दर तीन महिन्यांनी नव्याने लिहावी लागते, हे मी त्या रात्री शिकले.

सोडियमच्या बाबतीत मात्र फारसा मतभेद नाही. विकार कोणत्याही पायरीवर असो, मीठ कमी केल्याने रक्तदाब उतरतो आणि लघवीतून जाणारे प्रथिन घटते. नेदरलँड्समधील वैद्यांनी २०११ साली दाखवून दिले, की रक्तदाबाच्या एका औषधाला दुसऱ्या औषधाची जोड देण्यापेक्षा मीठ कमी करण्याची जोड दिल्याने हे प्रथिन अधिक घटते. त्याही पूर्वी, १९३९ पासून, जर्मनीतून अमेरिकेत आलेले वॉल्टर केम्पनर नावाचे वैद्य ड्यूक विद्यापीठात अशा रुग्णांना केवळ भात, फळे आणि साखर यांवर ठेवीत. त्या आहारात मीठ जवळजवळ नव्हतेच. त्या काळी असाध्य मानलेला रक्तदाब त्यातून उतरलेला त्यांनी दाखवला. इतके कठोर पथ्य आज कोणी सांगत नाही, सांगूही नये. तरी आपल्या भाताची थोरवी अशी सातासमुद्रापार सिद्ध झालेली पाहून मला गंमत वाटते.

दिवसाला पाच ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट चहाचा चमचा, ही मर्यादा सर्वांना ठाऊक असते. पण स्वयंपाक करताना चमचा कोण मोजतो? मी घरोघरी एक साधी रीत सांगत आले आहे. मिठाचे किलोचे पाकीट फोडताना त्यावर तारीख लिहा. घरात चार माणसे असतील, तर हिशेबाने ते ५० दिवस पुरायला हवे. आपल्या घरांतून ते महिन्यात संपते. म्हणजे माणशी आठ ग्रॅमहून जास्त, आणि यात फरसाण, पाव, बाहेरचे खाणे धरलेलेच नाही. आपल्या मराठी स्वयंपाकघरात आणखी एक गोम आहे. पापडखार, ढोकळ्यातला खायचा सोडा, पोट जड झाले की घेतलेले फ्रूट सॉल्ट यांना खारट चव नसते, पण सोडियम भरपूर असते. उडदाचा पापड खारट लागत नाही म्हणून दोन जास्त खाणारे आजोबा मी पुष्कळ पाहिले. आणि उपवासाचे सैंधव! त्याला आपण औषधी मानतो, पण रसायनाच्या दृष्टीने तेही जवळजवळ सारे सोडियम क्लोराइडच. एकादशीचे पुण्य लाभावे, मूत्रपिंडाला सवलत मिळत नाही.

पाण्याचे काय? जबलपूरला नर्मदेने या बाबतीत भाग्यवान केले आहे. आपल्यापैकी अनेकांचे आजोळ वऱ्हाडात आहे. तिथे अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांतून वाहणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथली भूजलेच खारट, विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. त्या पट्ट्यातल्या गावांतून मूत्रपिंडाच्या रुग्णांविषयी वर्षानुवर्षे तक्रार ऐकू येते. नेमका कोणता क्षार, की कीटकनाशके, की उन्हात पाण्यावाचून केलेले श्रम, की हे सारेच, याचा निवाडा झालेला नाही. छत्तीसगडमधील सुपेबेडा, आंध्रातील उद्दानम, श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत यांचीही कहाणी तशीच, अजून अर्धवट उलगडलेली. पण साधा हिशेब पाहा. पाण्याच्या लिटरमागे ५०० मिलिग्राम सोडियम असेल आणि उन्हात राबणारा माणूस चार लिटर पीत असेल, तर दिवसभराची दोन ग्रॅमची सारी मर्यादा पाण्यातच संपली. भाजीत चिमूटभर मीठ पडण्याआधीच.

आता आपल्या घराजवळची एक गोष्ट सांगते, कारण तिच्यावाचून फॉस्फरस समजावता येत नाही. नागपूर रस्त्यावर, गढ्याजवळ, आदिवासींच्या आरोग्याचे संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था आहे, हे आपण जाता-येता पाहिले असेल. या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शेजारच्या मंडला जिल्ह्यातील तिलईपानी गावात मुलांचे गुडघे आत वळलेले पाहिले. हातपंपाच्या पाण्यातले फ्लोराइड हे त्याचे कारण. पाण्याचा स्रोत बदलणे हा पहिला उपाय होताच. त्याच्या जोडीला त्यांनी आहाराकडे पाहिले. रानात आपोआप उगवणारा चकोडा, आपल्या कोकणातला टाकळा, कॅल्शियमने समृद्ध असतो. ती भाजी मुलांच्या जेवणात आणली. आतड्यात कॅल्शियम फ्लोराइडला धरून ठेवते, म्हणजे ते रक्तात शिरण्याऐवजी विष्ठेवाटे निघून जाते. पावसाळ्यात फुकट मिळणाऱ्या पाल्याचा असा उपयोग मला कोणत्याही महागड्या पावडरीहून थोर वाटतो.

मूत्रपिंडाच्या रुग्णाला डॉक्टर कधी कधी कॅल्शियमची गोळी देतात, तीही याच न्यायाने. तिथे ती फॉस्फरसला धरते. हाडांसाठी दिली असावी असे समजून रुग्ण ती रात्री झोपताना घेतात. पोट रिकामे, धरायला फॉस्फरसच नाही, गोळी फुकट. ती जेवणाच्या पहिल्या-दुसऱ्या घासाबरोबर घ्यायची असते. आणि डॉक्टरांनी सांगितली असेल तरच, कारण जास्तीचे कॅल्शियम रक्तवाहिन्यांत साचू शकते. म्हणून इथून जाताना चकोड्याची जुडी मात्र घेऊ नका. मंडल्याच्या मुलांना जी भाजी औषध झाली, तिच्यातले पोटॅशियम चौथ्या पायरीवरच्या माणसाला पेलेलच असे नाही.

फॉस्फरस हा यातला सर्वांत लबाड. १९७२ साली नील ब्रिकर यांनी एक विचार मांडला. गाळण्या कमी झाल्या की शरीर संप्रेरके वाढवून उरलेल्यांकडून जास्त फॉस्फरस बाहेर टाकवते. रक्तातला आकडा सरळ राहतो, पण त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. ती किंमत हाडे मोजतात, रक्तवाहिन्या मोजतात आणि या संप्रेरकांपैकी एकामुळे हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंतही जाड होते, असे आता दिसले आहे. कर्ज काढून सण साजरा करणाऱ्या घरासारखे हे आहे. पाहुण्यांना काही कमी दिसत नाही. आहारातला फॉस्फरस कमी केल्याने माणसाच्या मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावतोच, असे अजून निश्चितपणे सिद्ध झालेले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

पण या फॉस्फरसच्या नावाखाली आपण डाळ बंद करतो, हे पाहून जीव तुटतो. डाळीतला, गव्हातला बराचसा फॉस्फरस अशा रूपात असतो, की आपले आतडे त्याचा निम्म्याहून कमी भागच शोषते. अमेरिकेतील इंडियाना येथे शॅरन मो यांनी २०११ साली नऊ रुग्णांना आठवडाभर शाकाहारी आणि आठवडाभर मांसाहारी जेवण दिले. दोन्हींत फॉस्फरस सारखाच मोजलेला. शाकाहाराच्या आठवड्यात रक्तातला फॉस्फरस कमी निघाला. नऊच माणसे होती, पण प्रयोग नेटका. याउलट कारखान्यात मिसळलेला फॉस्फेट जवळजवळ सगळाच्या सगळा रक्तात उतरतो. तो ओळखायचा तर पाकिटाच्या मागच्या बाजूचे बारीक अक्षर वाचावे. ३३८ ते ३४१ किंवा ४५० ते ४५२ हे क्रमांक दिसले, की समजावे. काळ्या रंगाची शीतपेये, चीजचे चौकोन, टिकवलेले मांस, काही केक आणि बिस्किटे यांत ते सापडतात. डाळ सोडून चहाबरोबर चार बिस्किटे खाणारा रुग्ण आपण पथ्यावर आहोत असे समजत असतो.

पालेभाज्या आणि फळे यांची तीच कथा. विकाराचे नाव ऐकताच सारे हिरवे ताटातून हद्दपार होते. रक्तातले पोटॅशियम ठीक असेल, तर ते करण्याचे कारण नाही. भाज्या-फळांनी रक्तातली आम्लता कमी होते आणि ही आम्लता मूत्रपिंडाला झिजवते. टेक्सासमधील गोराया आणि वेसन यांनी चौथ्या पायरीवरच्या रुग्णांना वर्षभर सोड्याच्या गोळ्यांऐवजी फळे-भाज्या देऊन पाहिल्या. मूत्रपिंडांची स्थिती दोन्ही गटांत सारखी राहिली. अर्थात त्यांनी ज्यांचे पोटॅशियम कमी होते असेच रुग्ण निवडले होते. आकडा चढला असेल, तर आपल्याकडे जानेवारीत येणारा मटारचा पूर आवरावा लागतो, बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकावे लागते, शहाळे आणि भाज्यांचे सूप टाळावे लागते. एक फळ मात्र मूत्रपिंडविकार असलेल्या प्रत्येकाने कायमचे सोडावे. शाळेच्या फाटकाबाहेर तिखटमीठ लावून मिळणारे कमरख आपण सर्वांनी खाल्ले आहे. त्यातले एक द्रव्य निरोगी माणसाच्या लघवीवाटे निघून जाते. मूत्रपिंडे दुबळी असतील तर ते मेंदूवर चढते. न थांबणारी उचकी, भ्रम, झटके, क्वचित मृत्यूही. इथे पायरी विचारायची नाही.

मॅग्नेशियमविषयी सांगण्यासारखा पुरावा थोडा आहे. आम्लपित्ताची पातळ औषधे मनाने पिऊ नयेत, एवढे पुरे.

माझ्या वयाच्या शाळासोबत्यांना एक विनंती. मधुमेह किंवा रक्तदाब असेल, घरात कोणाला मूत्रपिंडाचा विकार असेल, तर वर्षातून एकदा रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासून घ्या. तपासणीच्या कागदावर गाळण्याचा वेग लिहिलेला नसेल, तर विचारा. २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांतून गरीब रुग्णांना मोफत डायलिसिस मिळू लागले, ही मोठी सोय झाली. पण आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास त्या खुर्चीत बसणाऱ्यांना विचारा, ते काय देऊन ही वेळ टाळायला तयार होते.

दादांचा गाळण्याचा वेग आज २७ आहे. त्या रात्रीला अनेक वर्षे झाली, तो वेग वर्षाला एका आकड्याहून कमीच घसरला. वहिनींनी ती बरणी केव्हाच फेकली. आता घरात साधेच मीठ आहे, पाकिटावर तारीख घातलेले, आणि दोघांना ते तीन महिने पुरते.

कार्यक्रमानंतरच्या भोजनात खव्याची जिलेबी आहे, असे दादांना कोठून तरी कळले आहे. खवा म्हणजे आटवलेले दूध. बाईंच्या बशीप्रमाणे त्यात सारे क्षार एकवटलेले. व्यासपीठावर येण्यापूर्वी त्यांनी मला हळूच विचारलेही. मी त्यांचा गेल्या महिन्याचा अहवाल पर्समधून काढून पाहिला. पोटॅशियम ४.८, फॉस्फरस ४.१. अर्धी चालेल, दादा. उरलेली अर्धी मी खाईन.